गाडी नसलेल्या स्टेशनवरच्या प्रमिलाताई

आधीच सांगते, माझ्या शुद्धलेखनात चुका असतील. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे हे मला चौथीतही कळत नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षरही वाईट आहे. ओळ डावीकडून नीट निघते आणि उजवीकडे पोचेपर्यंत खाली घसरते. नात बघून म्हणाली, "आजी, युअर लाईन फॉलिंग डाऊन ला!" पण हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे, कुणाला दाखवायचं नाही. शिवाय प्रमिलाताई म्हणायच्या, तिकिटावर गावाचं नाव चुकीचं छापलं असलं तरी गाडी बरोबर गावालाच जाते. त्या भरवशावर लिहिते.

प्रमिलाताई इथे परदेशात, चोआ चू कांग नावाच्या वस्तीत, आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडे राहायच्या. माझ्यासारख्याच मुलाकडे आलेल्या. मूळच्या वऱ्हाडातल्या. सगळी नोकरी रेल्वेत, तिकीट खिडकीवर. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण खिडकी काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. इथे फ्लॅटच्या लाकडी दाराबाहेर आणखी एक लोखंडी गजांचं दार असतं. ताई लाकडी दार सताड उघडं टाकायच्या, गजांचं दार लावून घ्यायच्या आणि आत खुर्ची टाकून बसायच्या. कुणी समोर थांबलं की आतून आवाज यायचा, "बोला, कुठलं?"

मी पहिल्यांदा गेले तेव्हा हातात पुरणपोळ्यांचा डबा होता. नवीन मराठी शेजारीण आलीय म्हणून सुनेने पाठवलं होतं. मला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे घाम फुटतो. मी गजांसमोर उभी राहिले.

"काय पाहिजे?"

"काही नाही. पुरणपोळ्या आणल्यात."

"किती?"

हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. मी डब्यात डोकावून मोजल्या आणि सांगितल्या.

"द्या."

डबा काही गजांतून जाईना. आडवा धरला, उभा धरला. मला वाटलं, आता दार उघडतील. ताईंनी चष्मा वर सरकवून डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "डबा लगेजात जातो. पोळ्या एकेक करून द्या." मग मी एकेका पोळीची घडी घालून गजांतून आत सोडली. गज तुपाने माखले. शेवटची पोळी घेऊन त्या म्हणाल्या, "चला, पुढचे." माझ्यामागे कुणीच नव्हतं. समोरच्यांची मांजर तेवढी बसली होती.

संध्याकाळी त्यांची सून माफी मागायला आली. "मावशी, राग मानू नका. आईंना दार उघडायची सवयच नाही हो."

राग कसला? मला तर गंमत वाटली. आणि त्या गजांमुळे माझी भीतीही कमी झाली. गज मध्ये असले की माझ्यासारखीला बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. मी रोज जाऊ लागले.

त्यांच्या दोन गोष्टींना घरातले सगळे कंटाळलेले होते. एक म्हणजे सुटे. पर्समध्ये नाण्यांचा खुळखुळा वाजत असला तरी कुणी नोट पुढे केली की त्या न बघताच म्हणायच्या, "सुटे नाहीत." दुसरी म्हणजे लंच. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं चाललं होतं. मुलगा बिचारा समोर बसून समजावायला लागायचा.

"आई, डॉक्टर म्हणतात की आता उशीर..."

"लंच," असं म्हणून ताई खुर्ची फिरवायच्या आणि पाठ करून बसायच्या.

"अगं, संध्याकाळ झालीय! आत्ता कसला लंच?"

"गर्दी झाली की लंच घ्यायचा असतो. रिकाम्या वेळी घेतला तर लोकांना कळणार कसं, की लंच आहे?"

आता माझं थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी इथे आले त्या वर्षी जुरोंग ईस्टच्या स्टेशनवर माझी आणि सुनेची चुकामूक झाली. गाडीचं दार लागलं. ती आत, मी बाहेर. मी एका खांबाला धरून उभी राहिले. ती परत येईपर्यंत किती लोक विचारून गेले, मला एकालाही उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी एकटी कुठे गेलेच नाही. भाजीलाही मुलगा आला तर जायचं. मला इथलं वाचता येत नाही, बोलता येत नाही, मग जायचं कशाला? असं मी स्वतःला सांगायची. पण रोज दुपारी खालच्या रस्त्यावर माझ्याएवढ्या चिनी बाया पिशव्यांची गाडी ओढत एकट्या जाताना दिसायच्या, तेव्हा आत काहीतरी दुखायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ताईंना सांगितलं.

ताईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "शेवंता, तू माल आहेस की पॅसेंजर?"

"म्हणजे?"

"मालाला कुणीतरी चढवतं, कुणीतरी उतरवतं. फलाटावर ठेवला तर पडून राहतो. तू तशीच राहिलीस खांबापाशी. काहून राहिलीस व?"

मला राग आला. पण पोतं रागावून तरी काय करणार! मी मान खाली घालून बसले. तेवढ्यात कुलूप वाजलं. वर पाहिलं तर ताईंनी गजांचं दार उघडलं होतं आणि चपला पायांत सरकवत होत्या. "चल. तुला माझं स्टेशन दाखवते."

बुकित तिमाहला जुनं रेल्वे स्टेशन आहे. पूर्वी तिथून मलेशियाला गाड्या जायच्या. आता गाडी येत नाही. रूळ उखडून तिथे पायवाट केली आहे, लोक चालतात, सायकली हाकतात. पण स्टेशन जसंच्या तसं आहे. विटांची बुटकी इमारत, फलाट, दोन खांबांवर गावाच्या नावाची पाटी, थोडेसे ठेवलेले रूळ आणि पुढे लोखंडी पूल. मुलाने ताईंना एकदा फिरायला म्हणून तिथे नेलं होतं. तेव्हापासून ते त्यांचं स्टेशन झालं. दर शनिवारी जायचं म्हणजे जायचं. मुलाला वेळ नसे, आणि गुडघ्यामुळे हाताला धरायला कुणीतरी हवं. ते कुणीतरी मी झाले.

जाताना आधी लहान गाडी लागते. ती वरून, घरांच्या मधून जाते. कुणाच्या घराजवळ आली की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, आतल्यांनी लोकांच्या घरात डोकावू नये म्हणून. ताईंना हे मुळीच पटलं नव्हतं. "काय दिसणार होतं? जिथे तिथे कपडेच तर वाळत असतात." पुढे बुकित पांजांगला उतरून मोठी गाडी घ्यायची. दोन्ही गाड्यांना ड्रायव्हर नाही. पहिल्या दिवशी ताई मला थेट पुढच्या काचेपाशी घेऊन गेल्या. "बघ. ड्रायव्हर नाही. मागे गार्ड नाही. स्टेशनात तिकीटबाबू नाही. मग पब्लिकने भांडायचं कुणाशी?"

स्टेशनला पोचलो. फलाटावर पाय ठेवणार, तेवढ्यात ताईंनी हात पुढे केला.

"एक डॉलर."

"कसला?"

"तिकिटाचा. फुकट्याला मी फलाटावर घेत नाही."

"अहो, कार्डाचे पैसे गेले ना दोन्ही गाड्यांत!"

"ते त्यांच्या गाडीचे. हे माझ्या."

मी डॉलर दिला. ताईंनी तो बाकाच्या कडेवर वाजवून पाहिला, खरा आहे याची खात्री केली, आणि पिशवीतून लोणच्याची रिकामी बरणी काढून तीत टाकला. दर शनिवारी हेच. नोट दिली तर "सुटे नाहीत." म्हणून शुक्रवारीच मुलाकडून नाणं मागून ठेवावं लागे. माझी सून हसायची. "मावशींचा धंदा बरा आहे, गाडी नाही तरी तिकीट!" मलाही वाटायचं, बाई चिक्कू आहे. एकदा मी धीर करून म्हटलं, "ताई, इथे गाडी तर येतच नाही. मग माझे पैसे परत मिळायला पाहिजेत."

त्या एकदम खूश झाल्या. मी पहिल्यांदा त्यांच्याशी भांडत होते ना! "मिळतील की. ज्या दिवशी तू एकटी या फलाटावर येशील, त्या दिवशी सगळे परत. कपात करून."

"कपात कशाची?"

"तू एकटी यायला लागलीस म्हणजे माझ्या तिकिटाची तुला गरज नाही. म्हणजे तू तिकीट रद्द केलंस. प्रवाशाने रद्द केलं की कपात होते. नियम आहे. आयुष्यात एकालाही मी कपात केल्याशिवाय पैसे परत दिले नाहीत." मग बरणीचं झाकण लावत म्हणाल्या, "एक दिवस सोडून."

तो एक दिवस त्यांनी मला बाकावर बसून सांगितला. त्यांची पहिली नेमणूक वऱ्हाडातल्या छोट्या लाईनवर होती. एवढंसं स्टेशन, दिवसातून दोनदा गाडी. एक दिवस सकाळी नेहमीसारखी तिकिटं विकली, लोक फलाटावर बसले, आणि वरून निरोप आला की गाडी आता येणार नाही. आज नाही, उद्या नाही, लाईनच बंद. "गाडी रेल्वेनेच रद्द केली तर कपात करता येत नाही, पूर्ण पैसे द्यावे लागतात. मी खिडकीत बसून सगळ्यांचे पूर्ण परत केले. शेवटी एक म्हातारी उरली. खिडकीवर लिहिलेलं असायचं ना, पैसे मोजून घ्या, मग खिडकी सोडा. ती मोजत बसली. मोजते, चुकते, पुन्हा पहिल्यापासून. तिचं मोजून होईतो मला खिडकी लावता येईना. मी म्हटलं, मावशे, आटप. तर म्हणते, काहून घाई करतेस, आता कोणती गाडी यायची राहिलीय?"

नंतर त्यांची बदली मोठ्या जंक्शनला झाली. काही वर्षांनी त्या वाटेने जाताना त्यांनी आपलं स्टेशन पाहिलं. दारं गेली होती, कौलं गेली होती, बाक गेला होता. "गावातल्या एका घरी कोंबड्यांच्या खुराड्याला माझ्या खिडकीची जाळी बसवलेली या डोळ्यांनी पाहिली. आता कोंबड्या आत बसून अंडी देतात. सुटीच देत असतील." असं म्हणून त्या हसल्या. मग उठून विटांच्या भिंतीवरून हात फिरवत खिडकीपर्यंत गेल्या, तिची चौकट चाचपली आणि जराशा चिडूनच म्हणाल्या, "यांची गाडीही गेली, देशही दुसरा, तरी भिंतीला रंग देतात. आमच्यांना एक कौल सांभाळता आलं नाही."

त्या स्टेशनवर ताईंचं राज्य होतं. फलाटाच्या कडेला कुणी पाय सोडून बसलं की त्या हाताने मागे सरा, मागे सरा अशी खूण करायच्या. लोक सरायचे. कुठून गाडी येणार होती देव जाणे! एकदा एक नवरानवरी लग्नाच्या कपड्यांत फोटो काढायला आली होती. ताई थेट फोटोवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "नो फोटो. रेल्वे."

तो चिनी पोरगा गोंधळला. "आंटी, कॅन ला. एव्हरीबडी टेक."

"माझ्या स्टेशनात फोटो मना होता," ताई मला म्हणाल्या, "इथेही असला पाहिजे."

नवरीला काय वाटलं कोण जाणे! ती समजली, या बाई इथे पूर्वी कामाला असणार. तिने ताईंचा हात धरून त्यांना मधे उभं केलं. आणि फोटो मना करणाऱ्या आमच्या ताईंनी पदर सारखा केला, चष्मा पर्सेत टाकला आणि हनुवटी वर करून उभ्या राहिल्या. एक झाला, दुसरा झाला, तरी हलेनात. शेवटी मीच म्हटलं, "ताई, लंच." तेव्हा बाजूला झाल्या.

येताना हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मांडवात, चहा ठरलेला. तिथली एक रीत अशी आहे, की लोक टेबलावर कागदी रुमालांचं पुडकं टाकून जागा धरतात आणि खाणं आणायला जातात. ताईंनी पहिल्यांदा ते पाहिलं आणि त्यांचे डोळेच चमकले. "शेवंता, अगं हे तर आपलेच लोक! खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसे!" पण आपले असले म्हणून काय झालं, रुमाल टाकणाऱ्यांशी ताईंचं जन्माचं वैर. त्या तिथेच बसल्या, पुडकं फोडलं आणि त्यातल्या कागदाने नाक पुसलं. मी लाजेने अर्धी झाले. हातात ताट घेऊन त्या टेबलाची मालकीण आली, चिनी म्हातारी, ताईंच्याच वयाची.

"माय सीट," ती म्हणाली.

"रिझर्वेशन?" ताईंनी हात पुढे केला.

म्हातारीने रिकाम्या पुडक्याकडे पाहिलं, ताईंच्या नाकाकडे पाहिलं आणि ठो ठो हसत सुटली. समोर बसली, आपल्या ताटातले उकडलेले शेंगदाणे ताईंपुढे सरकवले. पुढे ती भेटली की दोघी हात करायच्या. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. मी बघत राहायची, की भाषा येत नसताना लोक इतकं बोलतात कसं.

गेलेल्या प्रत्येक शनिवारची मी कॅलेंडरवर खूण करायची. बरणी जड होत गेली. ताई अधूनमधून ती माझ्या कानाजवळ वाजवायच्या. "कधी नेतेस?" मी म्हणायची, "पुढच्या शनिवारी." त्या म्हणायच्या, "वेटिंग लिस्ट."

मग एका दुपारी मी गेले, तर लाकडी दारही बंद होतं. त्यांच्या सुनेने उघडलं. आत खोकी बांधून ठेवलेली. ताईंच्या मुलाला दुसऱ्या देशात नोकरी लागली होती. ताई नागपूरला लेकीकडे जाणार होत्या. ताई पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. घरात गजांशिवाय मी त्यांना असं फार थोड्या वेळा पाहिलं होतं. किती लहान दिसत होत्या!

"रविवारी विमान आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी मुलगा मला स्टेशनवर सोडणार, दोन तासांनी न्यायला येणार."

"मी येते ना तुमच्याबरोबर, मोटारीत."

"मोटारीत सामान आहे."

"मी मांडीवर घेईन."

"सामानाबरोबर सामान नेत नाही मी. यायचं तर पॅसेंजर म्हणून ये. नाहीतर नको येऊस."

"ताई, मला नाही जमणार हो. रस्ता चुकले तर?"

"गाडीला रस्ता माहीत असतो. तुला फक्त बसून राहायचं आहे." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "लंच."

शनिवारी सकाळी मुलगा म्हणाला, "आई, मी सोडतो ना टॅक्सीने." मी नाही म्हटलं. नात म्हणाली, "आजी, यू शुअर?" मी तिलाही हो म्हटलं. लिफ्टमध्ये शिरल्यावर परत फिरावंसं वाटलं, पण तोवर दार लागलं होतं.

लहान गाडीत बसले. दोन वळणं नीट गेली आणि काचा धुरकट झाल्या. ताई बरोबर असताना मला त्याचं काही वाटत नव्हतं. आता वाटलं, संपलं. बाहेरचं एकही झाड दिसेना, एकही ओळखीची इमारत दिसेना. जुरोंगचा तो खांब आठवला. उठून उभी राहिले, जी पहिली दारं उघडतील त्यातून उतरायचं ठरवलं. मग मनात आलं, काय दिसणार होतं? कपडेच तर वाळत असतात. आणि मला हसू आलं. मी परत बसले. काचा आपोआप स्वच्छ झाल्या.

बुकित पांजांगच्या फाटकाशी कार्ड लावलं, तर लाल दिवा लागला आणि ते कुंई कुंई करायला लागलं. मागे रांग लागली. एक माणूस "आंटी, आंटी" करत माझ्या खांद्यावरून हात घालायला लागला. मी वळले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, अगदी मोठ्याने, मराठीत: "लाईनीत या! खिडकी चालू आहे!" तो मागे सरला. मी कार्ड पदराला पुसलं, पुन्हा लावलं. दिवा हिरवा झाला. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं.

मोठ्या गाडीतून उतरून वर आले. लोखंडी पूल दिसला आणि जीव भांड्यात पडला.

ताई बाकावर बसल्या होत्या, स्टेशनच्या भिंतीला पाठ लावून, मांडीवर बरणी. मी येताना त्यांनी लांबूनच पाहिलं असणार, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा चष्मा वर सरकवला.

"बोला, कुठलं?"

मी सवयीने डॉलर पुढे केला. त्यांनी घेतला नाही. बरणीचं झाकण काढलं आणि म्हणाल्या, "ओटी धर."

मी पदर पसरला. सगळी नाणी त्यात आली. त्यांना मेथीचा, हिंगाचा वास येत होता. मी म्हटलं, "ताई, कपात राहिली."

"कपात नाही."

"अहो, मी एकटी आले. मीच रद्द केलं तिकीट. नियम आहे तुमचा."

"तू काही रद्द केलेलं नाहीस," त्या पुलाकडे बघत म्हणाल्या. "गाडीच रद्द झाली. रेल्वेकडून. पूर्ण द्यावे लागतात."

पायवाटेवरून दोन सायकली गेल्या. रस्त्याच्या बाजूने त्यांच्या मुलाने हाक मारली. वेळ झाली होती. ताईंनी काठी घेतली, पण उठल्या नाहीत.

"मोजून घे," त्या म्हणाल्या. "मग खिडकी सोड. नंतर तक्रार चालणार नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि मोजायला लागले. एकेक नाणं उचलायचं, बाकावर वाजवायचं, बाजूला ठेवायचं. अर्ध्यावर आले आणि चुकले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा चुकले. मुलाने दुसऱ्यांदा हाक मारली. ताईंनी तिकडे हात केला, थांब म्हणून, आणि मला म्हणाल्या, "आटप व माय."

"काहून घाई करता?" मी म्हटलं. "आता कोणती गाडी यायची राहिलीय?"

त्या माझ्या बोटांकडे बघत बसल्या. मी शक्य तितकं हळू मोजलं. पण नाणी ती, संपायचीच. शेवटचं वाजवून बाजूला ठेवलं.

पैसे बरोबर भरले. एकही कमी नव्हता.